राजापूरच्या एका घरच्या रानाची विरळणी आणि फाल्गुनातली जाळणी : एक प्रकरण अभ्यास

राजापूर तालुक्यात, अर्जुना नदीच्या खोऱ्यात, एका कुटुंबाचं पाचेक एकरांचं रान आहे. वर कातळाचा सडा, म्हणजे उघडं सपाट पठार, खाली वहाळ, म्हणजे ओढा, आणि दोहोंच्या मध्ये पश्चिमेकडे उतरत जाणारी जमीन. सातबाऱ्यावर तीन भावांची आणि दोन बहिणींची नावं. थोरले भाऊ गावात राहून भातशेती आणि थोडी आंबा-काजूची बाग बघतात, बाकीचे सगळे मुंबईकडे. विरळणी, म्हणजे दाट रान तोडून विरळ करणं, ठरली तेव्हापासून पुढच्या पावसाळ्यानंतरपर्यंत मी या कामात सोबत होतो. रानात पडलेल्या फाट्यांचं, म्हणजे सुक्या काटक्या-फांद्यांचं, काय करायचं हा प्रश्न कोकणात दर वर्षी फाल्गुन-चैत्रात घरोघरी येतो, आणि बहुतेक ठिकाणी विचार न होता काडी ओढली जाते. इथे विचार झाला, भांडण झालं, मग काम झालं. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

रान कसं होतं

पंधराएक वर्षांपूर्वी हे रान व्यापाऱ्याला उभंच्या उभं विकलं होतं. बहिणीच्या लग्नाचा खर्च आणि घराचं छप्पर, दोन्ही एकदम आलं होतं. तोड झाली, लाकूड घाटावर गेलं. त्यानंतर कुणी फारसं लक्ष दिलं नाही, पण कोकणातली झाडं मुळांत जीव धरून असतात. ऐन, किंजळ, नाना, बोंडारा, कुंभा, जांभूळ, सगळ्यांच्या खुंटांना धुमारे फुटले. पंधरा वर्षांनी चित्र असं, की एकेका खुंटावर सहा-सहा, आठ-आठ सोटे उभे, सगळे मनगटाएवढे, उजेडासाठी एकमेकांशी झगडणारे. वाढ सगळ्यांचीच खुंटलेली. आत सुकलेले सोटे, वेली आणि फाटी यांची एवढी गिचमिड, की माणसाला ताठ चालता येत नव्हतं.

वरच्या सड्यालगतच्या पट्ट्याची गत निराळी. तिथल्या ऐनांवर पिढ्यान् पिढ्या कवळ तोडलेली. दाढ, म्हणजे भाताची रोपं करायची जागा, भाजायला म्हणून दर वर्षी कोवळ्या फांद्या उतरवायच्या, शेण, पातेरा (पालापाचोळा), गवत आणि वर मातीचा थर घालून भाजायचं आणि त्या भाजलेल्या जमिनीत पावसाच्या तोंडावर भात पेरायचं. त्यामुळे झाडं खांबासारखी सरळ, वर फक्त झुबका. थोरल्यांनी दहा वर्षांपूर्वी भाजावळ सोडून गादीवाफ्यावर रोपं करायला सुरुवात केली, त्यामुळे ती कवळतोड थांबली. पण झाडांचा आकार तोच राहिला, आणि खाली मोकळ्या उजेडात रानमोडी या तणाने बस्तान बसवलं.

शिवाय दोन म्हातारे रायवळ आंबे, दोन्हींना भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी कीड, लागलेलं. खोडाला भोकं आणि बुंध्याशी भुस्सा. आणि वहाळाच्या काठावर एक थोर बेहडा. त्याच्या ढोलीत ककणेराची, म्हणजे धनेश पक्ष्याची, जोडी दर वर्षी घरटं करते. माघ-फाल्गुनात मादी स्वतःला आत लिंपून घेते आणि पावसाच्या तोंडापर्यंत नर तिला चिरेतून फळं भरवत राहतो.

तीन मतं

शिमग्याला सगळे चाकरमानी गावात येतात, म्हणून निर्णयाची बैठकही तेव्हाच व्हायची. या वेळी मात्र माघातच थोरल्यांचा मुंबईचा पुतण्या आला, कारण व्यापारी पुन्हा दारात येऊन गेला होता. उभं रान द्या, रोख घ्या.

थोरल्यांचा विकायला विरोध होता. त्यांचं म्हणणं, झाडोरा बेणून (साफ करून) काढू, बारीक सोटे तोडू, आणि पातेऱ्यासकट सगळं जाळून मोकळं करू. "पातेरा ठेवायचा म्हणजे वणव्याला ताट वाढून ठेवायचं," असं ते मला दोनदा म्हणाले. त्यांनी वणवे पाहिले आहेत. सड्यावरचं गवत कुणीतरी पेटवतं आणि रात्री ते खाली उतरतं. त्यांची भीती खरी होती.

पुतण्याचं मत याच्या अगदी उलट. एक काडीही पेटवायची नाही, सगळं जागेवर कुजू द्यायचं. त्याने वाचलेलंही चुकीचं नव्हतं. पाला जळला की त्यातलं नत्र हवेत जातं. राखेत पोटॅश आणि कॅल्शियम उरतं, पण तेही उघड्या उतारावरून पहिल्या जोरदार सरीत वहाळाला मिळतं. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात जांभ्याच्या उतारावर पातेरा हीच मातीची चादर. ती गेली की दोन-तीन पावसाळ्यांत खालून दगड वर येतो. मी स्वतः या बाजूचा आहे, आणि ते मी बैठकीत सांगितलंही.

पण "काहीच जाळायचं नाही" हे या रानात चालणार नव्हतं, आणि त्याची कारणं फार ठोस होती. भिरूड लागलेल्या आंब्याच्या फांद्या तशाच पडू दिल्या, तर आतल्या अळ्या तिथेच वाढून पावसाच्या सुरुवातीला भुंगेरे बाहेर पडतात आणि बागेतल्या हापूसच्या झाडांवर जातात. आणि वरच्या कडेला, जिथे सड्यावरचा वणवा पहिल्यांदा रानाला भिडतो, तिथे कंबरभर सुका फाटा ठेवणं म्हणजे आगीला झाडाच्या शेंड्यापर्यंत शिडी लावून देणं. जमिनीवरचा पातेरा जळतो तेव्हा आग गुडघ्याएवढी राहते आणि मोठी झाडं बहुतेक तगतात. फाट्याचा ढीग जळतो तेव्हा तसं होत नाही.

कागदपत्रं

हा भाग थोडक्यात. ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, खैर ही झाडं १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. मालकीच्या जमिनीतली असली तरी परवानगी लागते. "धुमारे काढणं म्हणजे झाड तोडणं नव्हे" असा घरात समज होता. अशा समजावर विसंबू नये. अर्ज केला, पाचही नावांच्या सह्या घेतल्या (खरा वेळ तिथेच गेला), जागेची पाहणी झाली. रान खाजगी वन म्हणून नोंदलेलं आहे का हेही सातबाऱ्याच्या इतर हक्कांत पाहून घेतलं. १९७५च्या कायद्याखाली कोकणातल्या बऱ्याच जमिनींवर तशी नोंद आहे आणि असली तर सगळं गणित बदलतं. इथे नव्हती.

विरळणी

काम माघाच्या शेवटी सुरू झालं. वेळ मुद्दाम निवडली होती. तोवर ऐन-किंजळांचा पाला बराचसा झडलेला असतो, नवी पालवी चैत्राशिवाय येत नाही. त्यामुळे तोडलेल्या सोट्यांवर पाला कमी, ढीग लहान, आणि खुंटाच्या मुळांतला साठा शाबूत.

कुठला सोटा ठेवायचा, हेच विरळणीचं खरं कसब. दोन गडी कोयते घेऊन होते, एकाकडे कटर मशीन. त्यांची सवय अशी, की सगळ्यांत जाड आणि उंच सोटा ठेवायचा. पण जाड सोटा पुष्कळदा खुंटाच्या वरच्या कडेला फुटलेला असतो. खुंट कुजत जातो तसा त्याचा जोड सैल होतो आणि एखाद्या आषाढी वादळात तो मुळासकट फाटून येतो. आम्ही नियम ठरवला: जो जमिनीलगत फुटला आहे तो आधी बघायचा, त्यातही जो खुंटाच्या पश्चिम अंगाला आहे त्याला पसंती. पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. त्या अंगाचा सोटा वाऱ्याने खुंटावर दाबला जातो, दुसऱ्या अंगाचा ओढला जातो. एका किंजळाच्या खुंटावर आठ सोटे होते. सर्वांत देखणा सोटा पूर्वेला, वीतभर वर फुटलेला. त्याच्या निम्म्या जाडीचा एक पश्चिमेला, थेट मातीतून आल्यासारखा. गड्याने कोयता बारक्यावर उचलला होता. थोरल्यांनी त्याचा हात थांबवला, वाकून दोन्ही जोड बघितले, देखण्याला हाताने जरा हिसका दिला. बुडाशी साल चरचरली. तो तोडला. त्यानंतर दिवसभर मला एकदाही सांगावं लागलं नाही.

एका खुंटावर एक, मजबूत असेल तर दोन सोटे ठेवले. काप तिरका आणि गुळगुळीत, पाणी साचू नये म्हणून. पण सगळीकडे सारखी विरळणी केली नाही, आणि या मुद्द्यावर मी हट्टाला पेटलो होतो. वर आभाळ फार दिसायला लागलं की खाली रानमोडी येते. तिचं बी वाऱ्यावर उडतं, पहिल्या पावसात रुजतं, वर्षभरात डोक्याएवढं होतं आणि पुढच्या माघात सुकून काडीसारखं पेटतं. वणव्याच्या भीतीने रान मोकळं करायचं आणि त्या मोकळीकीतून वणव्याचंच सरपण उगवायचं, हा प्रकार मी अनेक गावांत पाहिला आहे. म्हणून वरच्या पट्ट्यात, जिथे रानमोडी आधीच होती, तिथे झाड जवळजवळ तोडलंच नाही. रानमोडी मुळासकट उपटली आणि ऐनांचे झुबके पसरू दिले. मधल्या उतारावर विरळणी, पण शेंडे एकमेकांना भिडलेले राहतील इतपतच. वहाळाच्या काठावर कोयता नेलाच नाही. ककणेराची मादी आत बसलेली होती. बेहड्याच्या आसपास मशीनचा आवाजसुद्धा नको, असं पुतण्याने गड्यांना बजावलं.

फाट्याची वाटणी

जाळायचं की नाही हा वाद इथे आपोआप मिटला, कारण आम्ही सगळा फाटा एकत्र धरलाच नाही. मनगटाहून जाड लाकूड घरी, चुलीला आणि न्हाणीघराच्या चुलवणाला. सरळ सोटे मांडवाला, काकडी-पडवळाच्या वेलांना. मधल्या उतारावरचा बारीक फाटा हातभर तुकडे करून उताराला आडवा, खुंटांच्या वरच्या अंगाला जमिनीला चिकटून पसरला. अधांतरी राहिलेला फाटा वर्षानुवर्षं सुकत राहतो. जमिनीला टेकला की वाळवी आणि बुरशी दोन पावसाळ्यांत त्याची माती करतात, आणि तोवर वाहणारं पाणी अडतं. पातेऱ्याला हात लावला नाही.

जाळायला उरलं ते एवढंच: आंब्याच्या भिरूडग्रस्त फांद्या, उपटलेली रानमोडी, आणि वरच्या गडग्यालगतच्या, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधालगतच्या, पट्ट्यातला सगळा सुका फाटा. एकूण फाट्याचा पाव हिस्सासुद्धा नसेल.

ढीग कुठे रचायचे यावरही थांबून विचार केला. उघडा कातळ सोयीचा वाटतो. तिथे माती जळायची भीती नाही. पण राजापूर तालुका कातळशिल्पांचा. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ ही नावं आता सगळ्यांना माहीत आहेत, आणि २०२२पासून कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. जांभा तापला की त्याची कपची उडते. सड्यावर कुठे रेघ दिसते का, ते सकाळच्या तिरक्या उन्हात फिरून पाहिलं. काही दिसलं नाही, तरी थोरल्यांनीच ठरवलं की कातळावर जाळायचं नाही. गडग्याच्या आत, जुन्या नाचणीच्या पडीक तुकड्यात जागा घेतली.

ढीग कमरेएवढेच ठेवले. मोठ्या ढिगाखालची माती खोलवर भाजते, त्यातलं बी, बुरशी, गांडुळं सगळं मरतं आणि तिथे वर्ष-दोन वर्षं काही धड उगवत नाही. फाटा महिनाभर सुकला. पण सुकत पडलेल्या ढिगात सरडे, साप, उंदीर घर करतात, म्हणून पेटवायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक ढीग काठीने उकरून चार हात बाजूला पुन्हा रचला. एका ढिगातून घोणस निघाली. तिला जाऊ दिलं.

जाळणीची सकाळ

फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ वनविभाग आगीचा हंगाम धरतो. म्हणजे आम्ही ऐन हंगामात पेटवणार होतो. पावसाची पहिली सर येईपर्यंत ढीग झापांखाली झाकून ठेवणं आणि मग जाळणं सर्वांत सुरक्षित. गडग्यालगतचा बराच फाटा आम्ही तसाच नेऊन जूनसाठी राखला. पण भिरूडाची लाकडं पावसापर्यंत थांबू शकत नव्हती. वनरक्षकांना, पोलीस पाटलांना आणि शेजारच्या बागायतदारांना आधी कळवलं.

खरा प्रश्न वाऱ्याचा होता. किनारपट्टीच्या या भागात रात्री आणि सकाळी मतलई वारा, जमिनीकडून समुद्राकडे. दुपारी खारा वारा, समुद्राकडून जमिनीकडे. आमचा उतार पश्चिमेकडे उतरणारा. म्हणजे खारा वारा सुटला की तो उताराने वर चढणार, आणि आग मुळातच चढावर धावते; दर दहा अंश चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियातल्या आगीच्या अभ्यासातून आलेला ठोकताळा आहे. चढ आणि वारा एकाच दिशेने मिळाले तर पाठीवरचा पंप घेतलेली चार माणसं काही करू शकत नाहीत. म्हणून सगळी जाळणी मतलई मंदावल्यावर आणि खारा सुटायच्या आधी, त्या मधल्या निवांत वेळेत संपवायची असं ठरलं.

पहाटे ढिगांभोवती चार हात रुंदीची पट्टी मातीपर्यंत झाडून घेतली. पाण्याचे दोन ड्रम वर आणून ठेवले, फवारणीचे पंप भरले, ऐनाच्या ओल्या डहाळ्या तोडून हाताशी ठेवल्या. सर्वांत वरचा ढीग आधी पेटवला. तो जळून बसला की त्याच्या खालचा. एका वेळी दोनाहून जास्त नाही. काडी ढिगाच्या माथ्याला लावली, बुडाला नाही. वरून पेटलेला ढीग धूर कमी करतो आणि ठिणग्या कमी उडवतो. आंब्याच्या फांद्यांतून भिरुडाच्या जाड पांढऱ्या अळ्या तडतडून बाहेर पडल्या. थोरले तिथे उभे राहून प्रत्येक फांदी आतपर्यंत जळते आहे की नाही ते बघत होते.

काही ढीग निखारे झाल्यावर पुतण्याने पाणी मारून विझवले आणि कोळसा काढून ठेवला. तो कुटून शेणखतात मिसळून काजूच्या आळ्यांत घातला. बाकीची राख गार झाल्यावर आम्ल जमिनीच्या भाजीच्या वाफ्यांत गेली.

साडेदहाच्या सुमारास शेवटचा ढीग बसला. अकरानंतर झाडांचे शेंडे पूर्वेकडे झुकू लागले. खारा सुटला होता. माणसं जेवायला घरी गेली नाहीत, भाकरी वर मागवली. बरं झालं. दुपारी एका ढिगाच्या जागेपासून पाच-सहा हातांवर जमिनीतून धुराची बारीक रेघ यायला लागली. तिथे काहीच जाळलेलं नव्हतं. कुदळीने उकरलं तर जुन्या खुंटाचं कुजकं मूळ मातीखालून विडीसारखं धुमसत पुढे सरकत होतं आणि त्याच्या टोकाला वाळलेल्या पातेऱ्याचा थर होता. मूळ तोडून, उघडं करून, पाणी ओतून, चिखल करून पुन्हा ढवळलं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही सगळ्या जागा उपड्या हाताने चाचपून पाहिल्या. ज्यांना वाटतं की जाळ खाली बसला म्हणजे आग विझली, त्यांनी हे एवढं लक्षात ठेवावं.

त्यानंतर

चैत्रात सड्यावर वणवा लागला. कुणी लावला ते कळलं नाही. संध्याकाळपर्यंत खाऱ्या वाऱ्याने तो पूर्वेकडे, रानापासून दूर नेला. रात्री मतलई सुटला आणि तो खाली उतरू लागला. गडग्याला लागून काढलेल्या जाळरेषेवर, म्हणजे आग अडवायला मोकळ्या केलेल्या पट्टीवर, तो बहुतेक लांबीत थांबला. शेजाऱ्यांच्या हद्दीला लागून मात्र एका कोपऱ्यात गडगा ढासळलेला होता, पलीकडे रानमोडी उभी होती, तिथून तो आत आला. पातेऱ्यावरून गुडघ्याएवढ्या ज्वाळेने वीसेक हात सरकला आणि वाडीतल्या पोरांनी डहाळ्यांनी झोडपून विझवला. त्या तुकड्यातले ऐन बुंध्याशी काळवंडले, पण ज्येष्ठात त्यांना पालवी आली. बोंडाऱ्याचे दोन सोटे मेले.

थोरल्यांचं यावरून मत पूर्ण बदललं असं नाही. ते म्हणतात, पातेरा नसता तर वीस हातसुद्धा आला नसता. ते खरंच आहे. पण पावसाळ्यात त्याच उताराखालचा वहाळ नेहमीपेक्षा उशिरा गढूळ झाला, हेही त्यांनीच आम्हाला दाखवलं.

दिवाळीच्या सुमारास पुन्हा सगळं फिरून पाहिलं. ठेवलेल्या सोट्यांनी चांगलं अंग धरलं होतं. तोडलेल्या खुंटांवर नवे धुमारे आले होते, ते हाताने मोडून काढले. हे काम दोन-तीन वर्षं करावं लागतं. मधल्या उतारावर एका जागी सुका कुंभा पडल्याने आभाळ उघडं झालं होतं आणि नेमकी तिथेच रानमोडी छातीएवढी उभी होती, फुलायच्या बेतात. ती तेव्हाच उपटली. जाळलेल्या जागांपैकी लहान ढिगांखाली गवत आणि टाकळा परतला होता. एका जागी गड्यांनी ढीग ठरल्यापेक्षा मोठा रचला होता, तिथली माती विटेसारखी तांबूस आणि उघडी होती. जूनसाठी राखलेला फाटा पहिल्या पावसात जाळला, त्याला राखणीलाही एकच माणूस पुरला.

व्यापारी दिवाळीत पुन्हा आला होता. त्याला नाही म्हणून सांगितलं, पण दोन्ही बहिणींच्या वाट्याचा प्रश्न शिल्लक आहे. त्यांना रानातून काहीतरी हातात यायला हवं, आणि सोट्यांच्या विक्रीतून ते लवकर येणार नाही. ढासळलेला गडगा शेजाऱ्यांसोबत मिळून बांधायचं ठरलं आहे. येत्या माघात वहाळाच्या वरचा तुकडा विरळायचा आहे, पण बेहड्यापासून किती अंतर सोडायचं यावर काका-पुतण्याचं अजून एकमत झालेलं नाही.